‘तत्सम उत्पादने’ : एका शेफच्या नावाच्या कराराचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील शेफ, रेस्टॉरंट, कंपनी आणि कार्यक्रम यांची नावे दिलेली नाहीत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. शेफ चौदा वर्षे व्यावसायिक किचनमध्ये होत्या आणि त्यांतली शेवटची 6 वर्षे एकाच रेस्टॉरंटच्या मुख्य शेफ म्हणून काम करत होत्या. रेस्टॉरंटमध्ये त्यांची भागीदारी नव्हती. त्या पगारदार होत्या, आणि त्यांचे नियुक्तिपत्र त्या उपशेफ असताना लिहिलेले होते. त्या पत्रात दोन कलमे अशी होती, जी त्या वेळी कोणी नीट वाचलीही नसावीत. नोकरीच्या काळात तयार झालेल्या पाककृती आणि मेनू मालकाचे, हे पहिले. बाहेरचे कोणतेही काम घेण्यापूर्वी मालकाची लेखी परवानगी घ्यावी, हे दुसरे.

प्रसिद्धी त्यांच्याकडे ठरवून आलेली नव्हती. रात्री शेवटची ऑर्डर गेली आणि ओटे पुसून झाले की मिठाच्या डब्याला फोन टेकवून त्या एखादे तंत्र समजावून सांगत. पार्श्वसंगीत नाही, सजावट नाही. भांड्याचा आवाज आणि त्यांचे बोलणे, एवढेच. सर्वाधिक पाहिला गेलेला व्हिडिओ दीड मिनिटाचा आहे. लोखंडी पॅन आचेवर ठेवून त्या बोटांनी पाण्याचे चार थेंब शिंपडतात. थेंब चुर्र करून विरले तर म्हणतात, “अजून नाही.” पुन्हा थेंब शिंपडतात, आणि ते पाऱ्यासारखे गोल होऊन पॅनभर पळू लागले की मान वर न करता म्हणतात, “आता.” या ‘आता’मुळे लोक त्यांना ओळखू लागले.

शेफचे प्रतिनिधित्व करणारी आमची एजन्सी लहान आहे: आम्ही दोघे भागीदार आणि एक हिशेबनीस. शेफ आमच्याकडे आल्या तेव्हा ठरलेल्या अटींनुसार ब्रँडच्या कामावर आमचे कमिशन 20 टक्के, पुस्तकावर 15 टक्के आणि रेस्टॉरंटच्या पगारावर शून्य होते. शेफच्या प्रतिनिधीचे काम कलावंताच्या प्रतिनिधीपेक्षा एका बाबतीत निराळे असते. गायकाच्या सादरीकरणाला कायद्याचे संरक्षण असते. शेफच्या पाककृतीला तसे संरक्षण जवळपास नसते. घटकपदार्थांच्या निव्वळ यादीला स्वामित्वहक्क मिळत नाही, असे अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने स्पष्टच सांगितले आहे; संरक्षण मिळाले तर ते कृती ज्या शब्दांत लिहिली त्या लेखनाला मिळते. म्हणजे शेफकडे विकण्याजोगे उरते ते नाव, चेहरा, बोलण्याची ढब आणि लोकांचा विश्वास. यांतले प्रत्येक स्वतंत्रपणे देता येते आणि प्रत्येक एकदाच दिले जाते, ही गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. कागदावर मात्र आम्ही ती कधी मांडली नव्हती.

प्रस्ताव आणि अडचण

भांडी तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तीन वर्षांसाठी ब्रँड अ‍ॅम्बॅसेडर होण्याचा प्रस्ताव दिला. पहिल्या वर्षाचे मानधन शेफच्या दोन वर्षांच्या पगाराहून अधिक होते. त्या बदल्यात वर्षाला 24 व्हिडिओ, चार दिवसांची प्रत्यक्ष उपस्थिती आणि नॉनस्टिक पॅनच्या नव्या मालिकेवर शेफची स्वाक्षरी, अशी मागणी होती. उत्तरासाठी दहा दिवस दिले होते.

त्याच महिन्यात दोन बोलणी आधीपासून चालू होती. एका स्ट्रीमिंग स्पर्धेत परीक्षक म्हणून शेफचे नाव पुढे होते. मानधन कमी, पण प्रेक्षकवर्ग फार मोठा. दुसरीकडे एका प्रकाशकाने तंत्रावर आधारित पुस्तकाची रूपरेषा मागवली होती.

भांड्यांच्या कंपनीच्या कराराचा मसुदा चौदा पानांचा होता आणि त्यातली अडचण एका शब्दात होती. अनन्यतेच्या कलमानुसार करारकाळात शेफ यांनी “स्वयंपाकघरात वापरली जाणारी उपकरणे, भांडी व तत्सम उत्पादने” यांच्या अन्य कोणत्याही उत्पादकाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध ठेवायचा नव्हता. ‘तत्सम’मध्ये सुरी येते, ओव्हन येतो, मिक्सर येतो, आणि वाद घालायचाच म्हटला तर हातपुसणेसुद्धा येते. स्ट्रीमिंग स्पर्धेचा मुख्य प्रायोजक ओव्हन बनवणारा होता. ‘अप्रत्यक्ष संबंध’ हे शब्द धरले, तर शेफ त्या सेटवर उभ्या राहिल्या तरी कराराचा भंग झाला असता. पुस्तकातल्या छायाचित्रांत दुसऱ्या कंपनीचे पातेले दिसले तरी तेच.

आणखी तीन कलमे आम्हाला खटकली. जाहिरातींचा वापर “सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांत, कायमस्वरूपी” असा होता; म्हणजे करार तीन वर्षांचा आणि चेहरा जन्माचा. स्वाक्षरी-मालिकेचे व्यापारचिन्ह कंपनीच्या नावाने नोंदवायचे होते. शेफच्या वर्तनाने कंपनीची प्रतिमा मलिन झाली तर कंपनी करार मोडू शकत होती, पण कंपनीच्या वर्तनाने शेफची प्रतिमा मलिन झाली तर काय, याविषयी मसुदा गप्प होता.

चाचणी चित्रीकरण

सहाव्या दिवशी कंपनीने सहीपूर्वी एक चाचणी चित्रीकरण ठेवले. आम्ही ते केवळ उपचार म्हणून धरले होते. प्रत्यक्षात साऱ्या प्रकरणाला वळण तिथे मिळाले.

दिग्दर्शकाला अर्थातच ‘आता’ हवे होते. शेफ यांनी नवा नॉनस्टिक पॅन उचलला, सवयीने मोठ्या आचेवर रिकामाच ठेवला आणि पाण्याच्या वाटीकडे हात नेला. कंपनीच्या उत्पादन विभागाचे एक गृहस्थ कॅमेऱ्यामागे उभे होते. ते घाईने पुढे आले आणि म्हणाले, “मॅडम, रिकामा पॅन एवढा तापवू नका.” शेफ यांनी आच बंद केली आणि शांतपणे विचारले, “मग पॅन तापला हे मी लोकांना कशावरून सांगू?” कोणाकडेच उत्तर नव्हते.

तांत्रिकदृष्ट्या दोघांचेही बरोबर होते. पाण्याचे थेंब तापलेल्या धातूवर साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास नाचू लागतात, कारण थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होऊन तो थेंबाला उचलून धरतो. नेहमीच्या नॉनस्टिक पॅनवरचा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) लेप सुमारे 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवरचे रिकामे भांडे काही मिनिटांत तिथवर पोचते. शेफच्या सरावलेल्या हाताला हे अंतर सांभाळता येईल. पण व्हिडिओ पाहून घरी तेच करणाऱ्याला येईल, याची हमी कंपनी कशी देणार? ज्या एका कृतीसाठी कंपनी एवढे पैसे मोजत होती, ती कृती तिच्याच उत्पादनावर करून दाखवता येत नव्हती.

त्या रात्री आम्ही शेफचे सर्व जुने व्हिडिओ पाहायला बसलो. हे काम प्रस्ताव आला त्या दिवशीच करायला हवे होते. अकरा व्हिडिओंमध्ये त्या लोखंडाची किंवा स्टीलची बाजू घेऊन बोलल्या होत्या, आणि एकात स्पष्ट म्हणाल्या होत्या, “नॉनस्टिक माझ्या ओट्यावर नाही.” करारावर सही झाल्यानंतर हे वाक्य कोणीतरी कापून फिरवले असते, यात आम्हाला शंका वाटली नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सही करण्याचा होता, आणि त्याच्या बाजूने बोलणारे आमच्याच कार्यालयात होते. माझ्या भागीदाराने हिशेब मांडला तो खोटा नव्हता: या एका कराराचे कमिशन म्हणजे एजन्सीचा जवळजवळ वर्षभराचा खर्च. प्रतिनिधीचे हित आणि शेफचे हित एकच असते, असे आम्ही नव्या लोकांना सांगतो; ते बहुतेक वेळा खरे असते, पण मोठ्या रकमेच्या आणि रुंद अटींच्या करारात खरे राहत नाही. कमिशन पहिल्या हप्त्याबरोबर आमच्या हाती पडते; अनन्यतेमुळे हुकलेली कामे तीन वर्षे शेफ भोगतात. शेवटी आम्ही आमच्या कमिशनची रक्कम शेफसमोर कागदावर लिहून ठेवली आणि आमचा सल्ला ऐकताना ती लक्षात घ्या, असे सांगितले. तो प्रसंग अवघडल्यासारखा झाला, पण पुढचे बोलणे त्यानंतर मोकळेपणाने झाले.

दुसरा पर्याय सरळ नकाराचा. त्याला मोठी परंपरा आहे. 1963 पासून अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांनी उत्पादनांच्या जाहिरातींना आपले नाव दिले नाही, आणि प्रेक्षकांचा त्यांच्यावरचा विश्वास बऱ्याच अंशी त्यातून आलेला होता. पण शेफ यांनी स्वतःच हा पर्याय बाजूला ठेवला. बारा तास उभे राहून करण्याचे काम त्या आणखी किती वर्षे करू शकतील, हे त्यांना ठाऊक होते, आणि गुडघ्याचे दुखणे सुरू झालेले होते. किचनबाहेर उत्पन्नाचा मार्ग उभा करणे ही त्यांच्यासाठी हौस नव्हती.

नाव आणि रेस्टॉरंट यांची फारकत करता येते, याचेही उदाहरण आमच्यासमोर होते. अमेरिकी शेफ एमरिल लगासी यांनी 2008 मध्ये आपली रेस्टॉरंटे स्वतःकडे ठेवून माध्यमे आणि उत्पादने यांचे हक्क मार्था स्ट्युअर्ट यांच्या कंपनीला सुमारे 5 कोटी डॉलरला विकले. आमच्या शेफचे पारडे उलटे होते: रेस्टॉरंट दुसऱ्याचे, नाव तेवढे स्वतःचे. तेही एकदा हातचे गेले, तर मागे काहीच उरले नसते. म्हणून कायमस्वरूपी वापर आणि व्यापारचिन्ह या दोन मुद्द्यांवर माघार घ्यायची नाही, हे त्या बैठकीत पक्के झाले. रकमेवर घेता येईल तेवढी घ्यायची, असेही ठरले.

तिसरा पर्याय सहा महिन्यांच्या साध्या जाहिरात मोहिमेचा होता. कंपनीने तो एका दिवसात नाकारला. चौथा पर्याय शेफच्या प्रश्नातून निघाला. कंपनीच्या यादीत लोखंडी आणि स्टीलच्या भांड्यांचीही एक मालिका होती, जिची जाहिरात कोणी फारशी करत नव्हते. “ती भांडी मी आजही विकत घेईन,” असे शेफ म्हणाल्या. त्यामुळे तोच प्रतिप्रस्ताव द्यायचे ठरले.

केलेली कारवाई

प्रतिप्रस्तावात ‘तत्सम’ हा शब्द काढणे हे मुख्य काम होते. कंपनीच्या वकिलांना दुसरा शब्द हवा होता, आणि ‘भांडी’ म्हणजे काय यावर आठवडा गेला असता. आम्ही व्यापारचिन्हांच्या नीस वर्गीकरणाचा आधार घेतला. त्यात वस्तू आणि सेवांचे 45 वर्ग आहेत. स्वयंपाकाची भांडी 21व्या वर्गात येतात, हाताने वापरायच्या सुऱ्या 8व्या वर्गात, शेगड्या आणि ओव्हन 11व्या वर्गात, छापील पुस्तके 16व्या, शिक्षण आणि मनोरंजन 41व्या, तर रेस्टॉरंटची सेवा 43व्या वर्गात. ही विभागणी दोन्ही बाजूंच्या वकिलांना आधीच मान्य असलेली भाषा होती. अनन्यता फक्त 21व्या वर्गातल्या, आचेवर ठेवायच्या भांड्यांपुरती राहील, आणि कार्यक्रमाच्या सेटवर, पुस्तकात किंवा रेस्टॉरंटमध्ये दुसरे भांडे सहज दिसले तर तो भंग मानला जाणार नाही, असे कलम लिहिले गेले. त्याच आठवड्यात शेफच्या नावाने 21, 16 आणि 41 या वर्गांत व्यापारचिन्हाचे अर्ज दाखल केले. सहीनंतर केलेला अर्ज आणि सहीआधी केलेला अर्ज यांत वाटाघाटीच्या दृष्टीने फार फरक असतो.

कंपनीने मुदत 18 महिन्यांवर आणणे मान्य केले, जाहिरातींच्या वापराचा हक्क करार संपल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत मर्यादित केला, आणि मानधन 40 टक्क्यांनी कमी केले. शेफच्या स्वतःच्या खात्यावरून जाहिराती चालवण्याची परवानगी आम्ही करारातून वगळली. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीलाच ‘सशुल्क भागीदारी’ असे दिसेल, हे शेफच्या आग्रहावरून लिहिले गेले.

इथवर सारे ठीक चालले होते. मग आमची चूक उघडी पडली. मालकाशी बोलणे आम्ही सही ठरेपर्यंत लांबणीवर टाकले होते. करार होतो की नाही हेच नक्की नसताना उगाच घरात वाद कशाला, असा आमचा विचार. कंपनीच्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने चित्रीकरणासाठी किचन मिळेल का, हे विचारायला थेट रेस्टॉरंटला फोन केला. फोन मालकांनी घेतला. मुख्य शेफच्या स्वाक्षरीची भांडी बाजारात येणार आहेत, हे त्यांना असे समजले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियुक्तिपत्राची प्रत शेफच्या हातात ठेवली, दोन्ही कलमांखाली रेघ मारून. “सहा वर्षांत तुला मी कधी नाही म्हटलंय का?” एवढेच ते म्हणाले. शेफ यांना रागापेक्षा ते वाक्य अधिक लागले. पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही मध्यस्थीचा प्रयत्न केला, पण मालकांनी एजन्सीशी बोलायला नकार दिला, आणि तो रास्तच होता. शेफ स्वतः त्यांच्यासमोर बसल्या. मालकांनी आधी उत्पन्नात वाटा मागितला. शेवटी पुरवणी करार झाला तो असा: मेनूवर असलेला पदार्थ मेनूवर असेपर्यंत व्हिडिओत दाखवायचा नाही, सर्वसाधारण तंत्रे शेफची, किचनमधल्या चित्रीकरणाचे वर्षाला जास्तीत जास्त सहा दिवस, त्यांचे भाडे रेस्टॉरंटला आणि त्या दिवसाचा जादा मोबदला किचनमधल्या प्रत्येकाला. शेवटची अट शेफ यांनी घातली होती. मालकांच्या मनातही ती आली नव्हती.

परिणाम

प्रस्ताव आल्यापासून सही होईपर्यंत दहा दिवसांऐवजी सात आठवडे लागले. स्ट्रीमिंग स्पर्धेचे परीक्षकपद मिळाले. ओव्हनच्या प्रायोजकाने अनन्यतेचे कलम मागवून वाचले आणि हरकत घेतली नाही. प्रकाशकाने मात्र सात आठवड्यांच्या शांततेचा अर्थ नकार असा घेतला. आम्ही त्यांना दोन ओळींचे पत्र पाठवले असते, तरी पुरले असते. पुस्तक पुढे दुसऱ्या, लहान प्रकाशकाकडे गेले आणि आगाऊ रक्कमही लहानच मिळाली.

लोखंडी भांड्यांच्या मालिकेची विक्री बेताची झाली. कंपनीने मुदतवाढ मागितली नाही, नावाचे हक्क ठरल्याप्रमाणे परत आले, आणि उरलेला माल विकून टाकण्यासाठी सहा महिन्यांची सवलत संपली. कंपनीने आपल्याकडच्या जाहिराती वेळेवर काढून टाकल्या. पण किरकोळ विक्रेत्यांच्या ऑनलाइन पानांवर शेफचा चेहरा आणि ‘आता’ कितीतरी महिने तसेच राहिले. विक्रेते करारात पक्ष नव्हते. प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिण्याचे काम आमच्या हिशेबनिसाने केले, आणि त्याचा मोबदला कोणत्याही कलमात नव्हता.

खरा तोटा दुसरीकडे झाला, आणि तो आमच्या हिशेबात कुठेच नव्हता. कंपनीचा प्रत्येक व्हिडिओ मंजुरीसाठी जाई: आधी संहिता, मग कच्चे संपादन, मग अंतिम. एकेका व्हिडिओला सरासरी नऊ दिवस लागत. रात्रीचे साधे व्हिडिओ करारात नव्हते, त्यांना मंजुरीची गरजही नव्हती, पण त्यांच्यासाठी रात्र उरत नव्हती. महिन्याला चार व्हायचे, तिथे एखादा होऊ लागला. लोक ज्या कारणाने त्यांना ओळखत होते, ते काम 18 महिने जवळजवळ बंद पडले.

काय वेगळे करता आले असते

अनन्यतेचे कलम आम्ही शब्दन् शब्द तपासले, पण शेफच्या आठवड्यातल्या तासांचा तक्ता एकदाही मांडला नाही. 24 व्हिडिओंचा आकडा करारात कमी करून घेणे अवघड नव्हते. 40 टक्के मानधन कमी झाले, तेव्हा त्याच प्रमाणात व्हिडिओ कमी करा, असे म्हणायला हवे होते. त्या दिवशी आम्ही ‘तत्सम’ गेल्याच्या आनंदात होतो. मंजुरीला कमाल मुदत घालणे हाही तितकाच साधा उपाय होता: पाच दिवसांत उत्तर आले नाही, तर व्हिडिओ मंजूर समजायचा.

मालकांच्या बाबतीत, आता आम्ही नवा शेफ घेताना पहिल्या भेटीतच नियुक्तिपत्र मागतो, आणि मालकाला भेटल्याशिवाय कोणत्याही ब्रँडशी बोलत नाही. यामुळे दोन जणांनी आमच्याकडे येणे टाळले. भेटीचा क्रम योग्य आहे, असे मला तरी वाटते. माझ्या भागीदाराचे मत अजून निराळे आहे. जुन्या व्हिडिओंची छाननी हे काम आता प्रस्ताव येण्याआधीच केलेले असते. विक्रेत्यांकडून जाहिराती काढून घेण्याची जबाबदारी आणि तिचा खर्च कंपनीवर टाकणारे कलम आम्ही तेव्हापासून प्रत्येक मसुद्यात घालतो. मोठ्या कंपन्या ते बहुधा काढायला लावतात.

पहिला करार संपल्यावर शेफ आमच्याशी असलेल्या कराराच्या नूतनीकरणासाठी आल्या, तेव्हा त्यांनी आमचाच जुना मसुदा सोबत आणला होता. दुसऱ्या पानावर पेन्सिलीने एक गोल केलेला होता. आमचे कमिशन “माध्यमे, प्रकाशन, जाहिरात व तत्सम उत्पन्नावर” लागू होते. “हा शब्द तुम्ही त्यांच्याकडून सात आठवडे भांडून काढलात,” त्या म्हणाल्या, “इथे तो कशासाठी ठेवलाय?” उद्या त्यांनी स्वतःचे रेस्टॉरंट काढले, तर त्याच्या नफ्यातही आमचा वाटा त्या शब्दाने धरता आला असता. आम्ही तो खोडला, ब्रँडवरचे कमिशन 15 टक्क्यांवर आणले आणि करार संपल्यानंतर जुन्या कामांवर मिळणारे कमिशन दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद होईल, असे लिहून दिले. सही करून त्या निघाल्या, तेव्हा रात्रीच्या व्हिडिओंचे पुन्हा काय ठरले आहे, असे मी विचारले. त्यांनी घड्याळ पाहिले. शेवटची ऑर्डर जायला दीड तास होता.